आधी ड्रायव्हर, मग विंडोज

कापसाचा हंगाम सुरू झाला की जळगाव, जामनेर, बोदवड, धरणगाव या पट्ट्यातल्या जिनिंगच्या दारात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. गाडी भुईकाट्यावर चढते, केबिनमधल्या संगणकावर आकडा उमटतो, पावती निघते आणि गाडी आत जाते. समजा, आदल्या रात्री तो संगणक फार रखडत होता म्हणून कोणीतरी त्याच्यावर नवी विंडोज टाकून दिली. सकाळी संगणक सुसाट चालतो, पण वजनाचा आकडा काही पडद्यावर येत नाही. काटा ठीक आहे, वायर ठीक आहे, पावतीचं सॉफ्टवेअरही परत टाकलेलं आहे. फक्त काट्याची जुनी सिरियल वायर यूएसबीला जोडणाऱ्या, काही शे रुपयांच्या कन्व्हर्टरचा ड्रायव्हर तेवढा राहिला आहे. बाहेर रांग वाढत जाते आणि आत कोणीतरी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर त्या ड्रायव्हरचा शोध घेत बसतो.

खानदेशात हजारो संगणक पुन्हापुन्हा फॉरमॅट होतात. शाळांमधले, ग्रामपंचायतींमधले, दाल मिलमधले, झेरॉक्सच्या दुकानांमधले. विंडोज टाकायला अर्धा तास पुरतो, पुढचा अर्धा दिवस ड्रायव्हर शोधण्यात जातो. तो अर्धा दिवस वाचवण्याची रीत जगभरातल्या संगणक खात्यांना वीस वर्षांपासून ठाऊक आहे : ड्रायव्हर आधीच जमवायचे, तपासायचे, बांधून ठेवायचे आणि विंडोजच्या इन्स्टॉलेशनमध्येच मिसळून द्यायचे. ही रीत जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक शाळेत आणि प्रत्येक दुरुस्तीच्या टेबलावर पोचायला हवी. तिला पैसा लागत नाही, शिस्त लागते.

ड्रायव्हर म्हणजे एखाद्या उपकरणाशी कसं वागायचं हे ऑपरेटिंग सिस्टिमला सांगणारा छोटा प्रोग्रॅम. कोणता संकेत कुठे पाठवायचा, उत्तराची किती वेळ वाट पाहायची, चूक झाली तर काय करायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह यांच्यासाठी सगळ्या कंपन्यांनी एकच मानक मान्य केलं आहे, म्हणून ते कुठेही लावले तरी चालतात. ग्राफिक्स, वायफाय, आवाज, प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारं यंत्र यांचं तसं नाही. तिथे बनवणाऱ्या कंपनीचाच ड्रायव्हर लागतो.

आणि नेमका कोणता लागतो, ते उपकरण स्वतःच सांगतं. डिव्हाइस मॅनेजर उघडावा, पिवळं चिन्ह लागलेल्या ओळीवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग हार्डवेअर आयडी. तिथे एक लांबलचक ओळ दिसते. तिच्यात दोन आकडे महत्त्वाचे : एक बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या चिपचा. ८०८६ दिसलं की कंपनी इंटेल. आपल्या गाजलेल्या ८०८६ प्रोसेसरचाच आकडा इंटेलने ओळख म्हणून घेतला. १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी, १०ईसी म्हणजे रियलटेक. १०ईसी आणि त्यापुढे ८१६८ असा जोड दिसला की ते रियलटेकचं नेटवर्क कार्ड, जे स्वस्तातल्या पुष्कळ मदरबोर्डांवर बसलेलं असतं. ड्रायव्हरच्या सोबत आयएनएफ नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात हेच आकडे लिहिलेले असतात आणि कोणत्या आकड्याला कोणती फाइल लावायची तेही. विंडोज उपकरणाचा आकडा वाचते, आयएनएफ फाइलींमध्ये तो शोधते आणि जुळला की ड्रायव्हर बसवते. नोटपॅडमध्ये ती फाइल उघडून कोणालाही ही जुळणी डोळ्यांनी बघता येते. दुरुस्ती शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्याच आठवड्यात ती उघडून दाखवली पाहिजे. मग मॉडेलच्या नावावरून अंदाजपंचे ड्रायव्हर उतरवण्याची सवय लागतच नाही.

भुईकाट्याच्या कन्व्हर्टरची गोष्ट इथे आणखी एक वळण घेते. अशा जुन्या वायरींमध्ये बहुधा तैवानच्या प्रोलिफिक कंपनीची पीएल २३०३ ही चिप असते, किंवा तिची नक्कल. नकला इतक्या माजल्या की कंपनीने नव्या ड्रायव्हरमध्ये जुन्या चिपांना आणि नकलांना नकार देण्याची सोय केली. त्यामुळे विंडोज १० किंवा ११ वर आपोआप आलेला नवा ड्रायव्हर बसतो, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणाच्या नावाच्या जागी चक्क सूचना उमटते की ही चिप २०१२ पासून बंद आहे, पुरवठादाराशी संपर्क साधा. तीच वायर २००८ च्या आसपासच्या जुन्या ड्रायव्हरवर मुकाट चालते. एफटीडीआय या ब्रिटिश कंपनीने तर २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये याहून कडक पाऊल उचललं होतं. विंडोज अपडेटमधून आलेला तिचा ड्रायव्हर नकली चिपचा ओळख क्रमांकच पुसून शून्य करायचा आणि ती वायर मग कुठल्याच संगणकाला ओळखू येत नसे. जगभर ओरड झाली, तेव्हा तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. खरी चिप असलेली नवी वायर घेणं हा यावरचा पक्का उपाय आहे आणि हंगामापूर्वी तो करावाच. पण सगळ्यात नवा ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात योग्य ड्रायव्हर हा समज काट्याच्या केबिनमध्ये साफ चुकतो. तिथे चाललेला ड्रायव्हर हाच योग्य ड्रायव्हर, आणि तो जपून ठेवणं हे काट्याच्या मालकाचं काम आहे.

ही बांधाबांध सुरू झाली ती विंडोज एक्सपीच्या काळात. एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरमध्ये आली आणि तिच्या सीडीवर त्या काळापर्यंतचेच ड्रायव्हर होते. मायक्रोसॉफ्टने तिला २०१४ च्या ८ एप्रिलपर्यंत सांभाळलं, म्हणजे साडेबारा वर्षं. तेवढ्या काळात मदरबोर्डांच्या कितीतरी पिढ्या आल्या. साटा हार्ड डिस्क आल्यावर एक्सपीच्या सीडीला समोरची डिस्कच दिसेना. मायक्रोसॉफ्टने ठेवलेला मार्ग असा : इन्स्टॉलेशन सुरू होताच एफ-सिक्स हे बटण दाबायचं आणि ड्रायव्हर फ्लॉपीवरून द्यायचा. तोवर नव्या संगणकांतून फ्लॉपी ड्राइव्ह हद्दपार होऊ लागला होता! जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या बाजारात दुरुस्तीचं काम करणाऱ्यांच्या खांद्यावरच्या बॅगेत तेव्हा मदरबोर्डच्या सीडींची जाडजूड थैली असायची आणि ती हरवणं म्हणजे धंदा बसणं. इंटरनेटवरून ड्रायव्हर उतरवणं सोपं नव्हतं. बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड २००५ मध्ये सुरू झालं, त्याच्या २५६ केबीपीएस वेगाला शंभर एमबीची फाइल उतरायला पाऊण तासाच्या वर वेळ लागे. संगणकविषयक मासिकांसोबत येणाऱ्या सीडी-डीव्हीडी म्हणूनच लोक जपून ठेवत.

याच काळात दोन तरुणांनी जगभरच्या दुरुस्तीवाल्यांवर उपकार केले. डिनो नुहागिच याने एनलाइट हे साधन लिहिलं. त्यात एक्सपीची सीडी उघडून नको ते काढता येई, हवे ते ड्रायव्हर घालता येत आणि नवी सीडी तयार होई. बेल्जियममधल्या विम लिअर्सने ड्रायव्हरपॅक्स हा प्रकल्प उभा केला. डिस्क, नेटवर्क, ग्राफिक्स, आवाज असे गट पाडून त्याने शेकडो चिपांचे ड्रायव्हर एका ठिकाणी नीट लावून दिले. आज खानदेशातला दुरुस्तीवाला ज्याला सहज ड्रायव्हर पॅक म्हणतो, त्याचा मूळपुरुष हाच. घोस्ट मारण्याची पद्धतही तेव्हा जोरात होती : एका संगणकाची जशीच्या तशी प्रत दुसऱ्यावर उतरवायची. मदरबोर्ड सारखा असला तर दहा मिनिटांत काम फत्ते. वेगळा असला तर निळा पडदा आणि शेवटी ७बी असलेला एरर. अर्थ एवढाच, की ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं तिचा ड्रायव्हर त्या प्रतीत नाही.

हाच पेच नव्या रूपात परत परत येत राहिला. इंटेलने २०१५ मध्ये सहाव्या पिढीचे प्रोसेसर आणले आणि त्यांच्यासोबत यूएसबीचा जुना कंट्रोलर काढून टाकला. विंडोज ७ च्या मूळ डीव्हीडीत यूएसबी ३ चा ड्रायव्हर नव्हता. त्यामुळे पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलेशन सुरू व्हायचं, पहिला पडदा यायचा आणि कीबोर्ड-माऊस दोन्ही निपचित. वर संदेश यायचा तो सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर नाही असा, जो वाचून माणूस भलत्याच दिशेला शोध घ्यायचा. एनव्हीएमई या नव्या प्रकारच्या डिस्कचंही तेच, तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टने वेगळी दुरुस्ती काढली, पण ती आधीच डीव्हीडीत मिसळलेली असेल तरच उपयोगाची.

आजचा अवतार अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपांत भेटतो. यात व्हीएमडी नावाची व्यवस्था डिस्क आणि विंडोज यांच्यामध्ये उभी असते. विंडोज १० किंवा ११ चा पेनड्राइव्ह लावला की सगळं छान चालतं आणि डिस्क निवडण्याच्या पडद्यावर यादी रिकामी. कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा लॅपटॉप असा उघडला आणि समोरच्याला व्हीएमडी माहीत नसलं, तर एसएसडी गेली असा निकाल लागतो आणि घरच्यांना विनाकारण काही हजारांची फोडणी बसते. वास्तविक इंटेलचा काही एमबींचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घालून लोड ड्रायव्हर म्हटलं की डिस्क तिथेच दिसू लागते. त्या ड्रायव्हरच्या फोल्डरच्या नावात अजून एफ-सिक्स आणि फ्लॉपी ही अक्षरं आहेत. एक्सपीच्या दिवसांची ती खूण इंटेलने पुसलेली नाही.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे. विंडोज व्हिस्टापासून इन्स्टॉलेशनची रचना बदलली आणि ती समजली की बाकीचं सोपं होतं. पेनड्राइव्हच्या सोर्सेस फोल्डरमध्ये दोन मोठ्या फाइली असतात. पहिली बूट विम. हिच्यात एक छोटी विंडोज असते, जी फक्त इन्स्टॉलेशन चालवते. दुसरी इन्स्टॉल विम, म्हणजे डिस्कवर उतरणारी खरी विंडोज. डिस्कचा, यूएसबीचा आणि गरज असेल तर नेटवर्कचा ड्रायव्हर पहिलीत हवा, नाहीतर डिस्कच दिसत नाही. वायफाय, ग्राफिक्स, आवाज, टचपॅड हे दुसरीत. बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. ते सगळे ड्रायव्हर दुसरीत कोंबतात आणि इन्स्टॉलेशन पहिल्या पायरीलाच अडकतं.

मिसळण्याचं साधन मायक्रोसॉफ्टचंच आहे, डिस्म नावाचं, आणि विंडोज ७ पासून प्रत्येक संगणकात ते असतं. रिकाम्या फोल्डरमध्ये विम फाइल माउंट करायची, म्हणजे तिच्या पोटातलं सगळं त्या फोल्डरमध्ये दिसू लागतं. मग ॲड-ड्रायव्हरची कमांड, सोबत रिकर्स हा शब्द, म्हणजे आतल्या सगळ्या उपफोल्डरांतले ड्रायव्हर घेतले जातात. शेवटी कमिट म्हणून अनमाउंट. कमिटच्या जागी डिस्कार्ड म्हटलं की सगळी मेहनत पाण्यात. आणखी काही खाचखळगे आहेत. इन्स्टॉल विममध्ये होम, प्रो, एज्युकेशन अशा आवृत्त्या वेगवेगळ्या क्रमांकांखाली असतात, त्यामुळे होममध्ये घातलेला ड्रायव्हर प्रोमध्ये जात नाही. मीडिया क्रिएशन टूलने बनवलेल्या पेनड्राइव्हवर विमच्या जागी ईएसडी फाइल मिळते. ती तशीच उघडून बदलता येत नाही, आधी तिची विम करून घ्यावी लागते. डिस्मला आयएनएफ लागते, सेटअपची एक्सई फाइल त्याला चालत नाही, म्हणून कंपनीचा सेटअप सेव्हन-झिपने उघडून आतलं काढावं लागतं. आणि ड्रायव्हर घालता घालता फाइल फुगते. फॅट ३२ पेनड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, मग डिस्मनेच तिचे तुकडे करायचे किंवा रुफस या मोफत साधनाने एनटीएफएस पेनड्राइव्ह बनवायचा.

ज्यांना एवढं करायचं नाही त्यांच्यासाठी एक कमी माहीत असलेली सोय आहे. पेनड्राइव्हच्या मुळाशी विनपीई-ड्रायव्हर या नावाचं, दोन्ही टोकांना डॉलरचं चिन्ह असलेलं फोल्डर करायचं आणि उघडलेले ड्रायव्हर त्यात ठेवायचे. इन्स्टॉलेशन ते फोल्डर आपणहून शोधतं आणि जुळणारे ड्रायव्हर घेतं. विम फाइलला हातही लावावा लागत नाही. चार-पाच प्रकारचे संगणक असलेल्या शाळेला एवढं पुष्कळ झालं.

ड्रायव्हर आणायचे कुठून? बाजारात येणारे जुने ऑफिसवापराचे संगणक बहुतेक डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क, लेनोवो थिंकसेंटर या घराण्यांतले असतात. मोठ्या कंपन्यांच्या संगणक खात्यांसाठी हे तिन्ही उत्पादक आपापल्या मॉडेलचा पूर्ण ड्रायव्हर पॅक एकाच फाइलमध्ये स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत ठेवतात. शोधताना मॉडेलच्या नावाबरोबर ड्रायव्हर पॅक हे दोन शब्द टाकायचे, एवढंच. आणि जो संगणक आज नीट चालतो आहे, त्याच्यातूनच ड्रायव्हर काढून घेणं याहून खात्रीचा मार्ग नाही. मायक्रोसॉफ्टच्या पीएनपीयूटिल या कमांडला एक्स्पोर्ट-ड्रायव्हर म्हटलं की बाहेरच्या कंपन्यांचे बसवलेले सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये येऊन पडतात. त्या फोल्डरला मॉडेलचं नाव आणि तारीख द्यावी. एका शाळेचा, एका कार्यालयाचा असा संग्रह क्वचितच दोन-चार जीबींच्या वर जातो.

याउलट जगातल्या सगळ्या उपकरणांचे ड्रायव्हर असल्याचा दावा करणारे तीस-तीस, चाळीस-चाळीस जीबींचे पॅक फिरत असतात. त्यांतले काही प्रामाणिक आहेत, काहींसोबत नको असलेली जाहिरातबाज सॉफ्टवेअरं येतात. खरी अडचण वेगळीच. एवढ्या ढिगातून विंडोज स्वतःच्या नियमाने निवड करते : आधी डिजिटल सही, मग आकड्याची जुळणी, मग तारीख. म्हणजे जुळणी सारखी असली तर नवा ड्रायव्हर जिंकतो आणि भुईकाट्याची वायर पुन्हा बंद. छोटा, आपल्याच यंत्रांवर तपासलेला संग्रह त्या ढिगापेक्षा केव्हाही बरा.

धुळे जिल्ह्यात याची गरज फार ठळक आहे. २०१५ नंतरच्या काही वर्षांत मूळचे धुळ्याचे आणि अमेरिकेत नोकरी केलेले हर्षल विभांडिक यांच्या पुढाकाराने आणि गावोगावच्या लोकवर्गणीतून जिल्हा परिषदेच्या ११०३ शाळा डिजिटल झाल्या. गावाने पैसे काढले, शिक्षकांनी धावपळ केली आणि वर्गात प्रोजेक्टर आले. ही मोठीच गोष्ट आहे. पण वर्गणीतून आलेलं साहित्य शाळागणिक वेगळं असणार, आणि आठ-दहा वर्षांनी त्याच्या देखभालीचा प्रश्न उभा राहणार, हे ओघानेच आलं. शिरपूर-साक्रीच्या डोंगराळ भागातल्या शाळेत वायफायचा ड्रायव्हर गेला, तर नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही. तालुक्याच्या पातळीवर मॉडेलवार फोल्डर असलेला एकेक पेनड्राइव्ह केंद्रप्रमुखांकडे असला, तर शिक्षकाला संगणक मोटारसायकलला बांधून धुळ्याला न्यावा लागणार नाही.

केरळने हे काम राज्यभर केलं आहे. तिथली काइट ही सरकारी संस्था उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली शाळांसाठी तयार करते. अभ्यासक्रमाची सॉफ्टवेअरं, मल्याळम टंकलेखन आणि शाळांमधल्या यंत्रांना लागणारं सगळं त्यातच मिसळलेलं असतं आणि ती दोन लाखांच्या घरात संगणकांवर चालते. महाराष्ट्राला हे अवघड नाही. सी-डॅकची बॉस लिनक्स २००७ पासून आहे, डेबियनवर उभी आहे आणि मराठीत चालते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच येतात, त्यामुळे एकच पेनड्राइव्ह वेगवेगळ्या जुन्या संगणकांवर बिनतक्रार सुरू होतो. अडतं ते वायफाय चिपांच्या फर्मवेअरवर. डेबियनने २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून तेही इन्स्टॉलेशनसोबत द्यायला सुरुवात केली, आणि हा निर्णय नेट नसलेल्या गावांच्या फार कामाचा आहे.

लिनक्सला अजून नडतो तो प्रिंटर. झेरॉक्सचं दुकान असो की तलाठी कार्यालय, कॅननचा एलबीपी २९०० दिसला नाही अशी जागा विरळा. हा प्रिंटर स्वस्त पडतो, कारण पानाची मांडणी करण्याचं काम त्याच्यात होतच नाही. ते संगणकात, कॅननच्या ड्रायव्हरमध्ये होतं आणि प्रिंटरकडे तयार ठिपके जातात. म्हणून ड्रायव्हरवाचून तो नुसता खोका. बाजार समितीत खडखडणारा टीव्हीएसचा डॉट मॅट्रिक्स याच्या अगदी उलट. त्याला साधा मजकूर पाठवला तरी तो छापतो, विंडोजमधला जेनेरिक ड्रायव्हर त्याला पुरतो. मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केलं, की प्रिंटर कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने बंद होईल. नव्या प्रिंटरांना त्याने फरक पडत नाही. २९०० वाल्यांनी मात्र चालू असलेल्या ड्रायव्हरची प्रत आजच काढून ठेवावी.

सगळंच बांधून ठेवता येतं असंही नाही. आपले सरकार सेवा केंद्रातल्या ठसे घेणाऱ्या यंत्राचं उदाहरण घ्या. मंत्रा कंपनीच्या यंत्राला ड्रायव्हर तर लागतोच, शिवाय आरडी सर्व्हिस लागते. आधार प्राधिकरणाने २०१७ पासून हा नियम घातला, की ठसा यंत्राच्या नोंदणीकृत किल्लीने कुलूपबंद होऊनच पुढे जावा. ही नोंदणी त्या यंत्राच्या क्रमांकाशी बांधलेली असते. म्हणून ड्रायव्हर पॅकमध्ये घालावा, आरडी सर्व्हिस मात्र विंडोज बसल्यावर कंपनीकडून ताजी घ्यावी. रावेर-यावलचा केळी उत्पादक विम्याच्या कामासाठी किंवा एखादी आजी हयातीच्या दाखल्यासाठी केंद्रावर येते, तेव्हा हा क्रम केंद्रचालकाला पाठ असायला हवा.

आता सुरक्षेचं. ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालतो, त्याच्यावर पहारा ठेवणारं वर कोणी नसतं. म्हणून ६४ बिट व्हिस्टापासून सही नसलेला ड्रायव्हर विंडोज गाभ्यात शिरू देत नाही. सहीदेखील चोरली जाऊ शकते : २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातक व्हायरसच्या ड्रायव्हरांवर रियलटेक आणि जेमायक्रॉन या खऱ्या कंपन्यांच्या चोरलेल्या सह्या होत्या. आणि हेतू स्वच्छ असला तरी एक चूक किती महाग पडते ते १९ जुलै २०२४ ला दिसलं. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या, विंडोजच्या गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरला एक सदोष फाइल मिळाली आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने ८५ लाख संगणक कोलमडले. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले.

हे लक्षात घेतलं, की अनोळखी माणसाने बनवलेली, सगळं भरलेली तयार विंडोज पेनड्राइव्हवर घेऊन फिरणं किती धोक्याचं आहे ते कळतं. तिच्या गाभ्यात काय घातलं आहे हे तपासण्याचा सोपा मार्ग दुरुस्तीवाल्याकडे नसतो आणि त्याच संगणकावर उद्या कोणाचं तरी आधार, कोणाचं तरी बँक खातं उघडणार असतं. बदललेली विंडोज वाटणं मायक्रोसॉफ्टच्या परवान्यातही बसत नाही. मूळ फाइल मायक्रोसॉफ्टकडून, ड्रायव्हर उत्पादकाकडून आणि बांधणी स्वतःच्या हाताने, आपल्या परवान्याच्या संगणकांसाठी. याला दुसरा पर्याय मानू नये.

विंडोज १० चा नियमित सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. विंडोज ११ ला इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आणि टीपीएम २ ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे खानदेशातले असंख्य संगणक येत्या काळात फॉरमॅट होणार आहेत, कुणी विंडोज ११ साठी, कुणी लिनक्ससाठी. ते करण्यापूर्वी प्रत्येक शाळेने, केंद्रचालकाने आणि दुकानदाराने एवढं करावं : स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधून तो ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा, पीएनपीयूटिलने सगळे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर काढावेत, सोबत डिव्हाइस मॅनेजरमधल्या हार्डवेअर आयडींचे मोबाईलवर फोटो घ्यावेत, फोल्डरला यंत्राचं मॉडेल आणि तारीख द्यावी आणि त्याची एक प्रत दुसऱ्या कोणाकडे तरी ठेवावी. पाच मिनिटांचं काम आहे. ते झाल्याशिवाय फॉरमॅटच्या बटणाला हात लावू नये.